मॅनेजमेंट कोट्यातून एआय-डीएसला प्रवेश घ्यावा का? घरात जमीन विकायचं चाललंय

सांगोल्याची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब झालाय, तरी पूर्ण वाचून उत्तर द्या ही विनंती. आठ दिवसांत निर्णय घ्यायचा आहे आणि घरात विचारायला दुसरं कोणी नाही.

धाकट्या भावाला यंदा एमएचटी-सीईटीत ८४ पर्सेंटाइल मिळाले. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत जिल्ह्यातल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) लागलंय. आमच्याकडे ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला आहे, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली, त्यामुळे राजर्षी शाहू योजनेतून ट्यूशन फी निम्मी होते. एसटीचा पास काढला तर घरून जाऊन-येऊन करता येईल. पण त्याला ते नकोय. त्याला एआय-डीएसच (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-डेटा सायन्स) पाहिजे, तेही पुण्यात. वर्गातले तिघे-चौघे तिकडेच चाललेत.

पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजातून मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेसाठी जूनपासून फोन चालू आहेत. मागच्या रविवारी तिथले एक सर घरीच आले. चहा घेतला, आण्णांच्या बागेची चौकशी केली, मग गुळगुळीत कागदावरची पुस्तिका काढली. पहिल्या पानावर एका मुलीचा फोटो, खाली '४२ लाखांचं पॅकेज', शेजारी '१०० टक्के प्लेसमेंट'. फी वर्षाला २ लाख १० हजार, होस्टेल आणि मेस ९५ हजार, आणि प्रवेशाच्या दिवशी दीड लाख रोख. त्या दीड लाखाची पावती मिळणार नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. चार वर्षांचे पावणेचौदा लाखांच्या घरात जातात.

आमची चार एकर जमीन आहे. दीड एकर डाळिंब, त्यातली निम्मी बाग तेल्या रोगानं गेली. रस्त्याकडेच्या एका एकराला गिऱ्हाईक आलंय. आण्णा म्हणतात, पोरगं एकदा कंपनीत चिकटलं की पाच वर्षांत दुप्पट घेऊ. आई काहीच बोलत नाही.

मला भीती वाटते, कारण मी स्वतः खासगी कॉलेजातूनच डी. फार्म केलंय. आम्हालाही सांगितलं होतं की औषध कंपन्या दारात उभ्या राहतील. आज मी इथल्याच एका मेडिकलमध्ये काउंटरला आहे, महिना अकरा हजार. वर्गातल्या काही मुलींचं सर्टिफिकेट दुसऱ्याच्याच दुकानात भिंतीवर टांगलेलं आहे, त्याचे महिन्याला तीन-चार हजार घरी येतात आणि शिक्षणाचा उपयोग तेवढाच.

शंभर टक्के प्लेसमेंट खरी असते का, आणि ती तपासायची कुठे? जमीन न विकता कर्ज काढलं तर पगारातून फिटेल का? भावाला समजवायचं कसं हेही सांगा. तो माझ्याशी बोलेनासा झालाय.


खडू_डस्टर

ताई, जमिनीचा व्यवहार आठ दिवस थांबवा आणि आधी हे वाचा.

मी पुण्याजवळच्या अशाच एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. काही वर्षं ट्रेनिंग-प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे होतं. तुमच्या घरी आलेल्या सरांचा राग करू नका. आम्हाला दर उन्हाळ्यात तालुके वाटून दिलेले असतात. सांगोला, जत, आटपाडी, मंगळवेढा. बारावीच्या मुलांचे नंबर हातात येतात आणि इतके प्रवेश आणायचेच असं सांगितलं जातं. पुष्कळ ठिकाणी प्राध्यापक अकरा महिन्यांच्या करारावर आहेत, पगार दोन-तीन महिने मागे चालतो, आणि प्रवेश आले नाहीत तर पुढचा करार होत नाही. पण त्यांच्या अडचणीपायी तुमची जमीन जायला नको.

ते दीड लाख तर अजिबात देऊ नका. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी मंजूर फीच्या वर घेतलेले पैसे, १९८७ च्या कायद्यानं बंद आहे. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार, शाखावार टाकलेली असते. तिथला आकडा आणि तुम्हाला सांगितलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. जे पैसे पावतीशिवाय मागतात त्यांना चार वर्षांत आणखी कशाकशासाठी हात पसरता येतो ते मी पाहिलंय. आणि कॅपमधून प्रवेश घेतला तरच शाहू योजना लागू होते. मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात की निम्म्या फीची सवलत गेली.

आता 'शंभर टक्के' कसे होतात ते. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला मुलांकडून एक फॉर्म भरून घेतात. ज्यांचे विषय राहिलेत, किंवा दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे ६० टक्के नाहीत, ते अपात्र. मग ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे, जे मागच्या बाकावर बसतात, त्यांना बोलावून 'प्लेसमेंटमध्ये रस नाही' या ओळीखाली सही घेतात. कारणाच्या रकान्यात 'उच्च शिक्षण' किंवा 'घरचा व्यवसाय' लिहायला सांगतात. बापाकडे दोन एकर कोरडवाहू असलेल्या मुलानं 'घरचा व्यवसाय' लिहिलेलं मी पाहिलंय. समजा वर्गात १८० मुलं आहेत, तर या चाळणीतून ७० उरतात. टक्केवारी या ७० वर काढतात. एका हुशार मुलीला तीन कंपन्यांनी निवडलं तर ऑफर तीन मोजतात. ॲपवरून क्लास विकायची नोकरीही त्यात येते आणि बँकेची क्रेडिट कार्डं विकायचीही. सत्तरावर पंचाहत्तर ऑफर झाल्या की फलक रंगवायला टाकतात. पुढच्या वर्षी त्यातले रुजू किती झाले, ही नोंद ठेवायचा आग्रह मी धरला तेव्हा ते काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं.

४२ लाखवाल्या मुलीचं मनापासून कौतुक आहे. पण तुमच्या भावाला तिचा आकडा उपयोगाचा नाही. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमानं मांडल्यावर मधोमध जो येतो तो आकडा त्याला हवाय. तो मिळतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. तळाशी कुठेतरी 'एनआयआरएफ' असं बारीक अक्षरात असतं, त्यात पीडीएफ. त्यात वर्षवार एक ओळ असते: मंजूर जागा किती, प्रवेश किती, ठरल्या वेळेत पास किती, नोकरी लागलेले किती, मधला पगार किती, पुढे शिकायला गेलेले किती. दोन खोल्यांची तुलना करताना आपण भिंती ठोकून बघतो ना, तसं 'वेळेत पास' या रकान्यावर आधी बोट ठेवा. ३६० आत आले आणि चार वर्षांत २०० बाहेर पडले, असं असेल तर मधले १६० कुठे गेले हे प्रवेशाच्या खिडकीवर विचारा. पीडीएफ सापडलीच नाही, तर त्यातूनही तुम्हाला काय ते कळेल.

एआय-डीएस या शाखेचंही ऐका. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी धडाधड भरती केली. त्या वर्षी एकट्या टीसीएसनं लाखभर फ्रेशर घेतले. ते बघून सगळे कॉम्प्युटरकडे धावले. मग २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं १३ हजारांहून जास्त कमी झाली आणि इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. नेमकं त्याच सुमारास, २०२४-२५ पासून, एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या ठरलेल्या कॉलेजांच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. झालं असं की कंपन्या माणसं कमी करत होत्या आणि कॉलेजं त्याच शाखेच्या तुकड्या वाढवत होती. सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा बंद करून तिथे एआयच्या उघडल्या. का? कारण जागा पालक मागतात, आणि विनाअनुदानित कॉलेज फीवर चालतं. चार वर्षांनी काम कोण देणार हा प्रश्न त्या हिशोबात येतच नाही. माझ्या विभागातले दोन मेकॅनिकलचे सहकारी आज पायथॉन शिकवतात. सुट्टीत स्वतः शिकले आणि सोमवारी वर्गात उभे राहिले. माणसं प्रामाणिक आहेत, पण दोन लाख दहा हजार त्यासाठी द्यायचे का, हे तुम्ही ठरवा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत: पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. म्हणजे शिकू नये असा अर्थ कोणी काढू नये. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडतच नाही, तो दुसऱ्या दिवशी मिळेल त्या कामाला जातो. शिकलेला घरच्यांच्या जिवावर आपल्या जोगतं काम शोधत थांबतो. आणि म्हणूनच सांगतो, ज्या घरानं शिक्षणापायी जमीन विकली त्या घरातला मुलगा थांबू शकत नाही. तो पहिली आलेली नोकरी धरतो, मग ती क्रेडिट कार्डं विकायची का असेना.

माझं मत स्पष्ट आहे. घरून जाऊन-येऊन, निम्म्या फीत ईएनटीसी. मोठ्या संख्येनं भरती करणाऱ्या आयटी कंपन्या बहुतेक वेळा शाखा बघत नाहीत, ईएनटीसीची मुलं त्याच परीक्षेला बसतात. प्रोग्रॅमिंग त्यानं स्वतः करावं. फक्त जिल्ह्यातल्या त्या कॉलेजचीही हीच ओळ तपासा. गावाजवळ आहे म्हणून ते चांगलं आहे असं धरू नका.


कर्जखाते

मी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जं बघते. ताईंनी विचारलेला हिशोब मांडून देते.

साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर गेलात की जमीन किंवा घर लिहून द्यावं लागतं. धरा साडेसात लाखच घेतले, चार वर्षांत सारख्या हप्त्यांनी उचलले, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष परतफेड सुरू होत नाही, पण सरळव्याज चालूच असतं. ते २ लाख ६२ हजार ५०० होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना अंगावर १० लाख १२ हजार ५००. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १३,४००. पंधरा वर्षं घेतलीत तरी १०,९०० च्या आसपास.

आता पगार. टीसीएसचं सुरुवातीचं पॅकेज कित्येक वर्षं ३ लाख ३६ हजारांवरच आहे. हातात महिन्याला बावीस-चोवीस हजार पडतात. हिंजवडीत कॉटबेसिसवर राहून जेवायचं म्हटलं तरी दहा-बारा हजार जातात. उरलेल्यातून हप्ता भरला की मुलाकडे काही राहत नाही, आणि आण्णांना पाठवायला तर नाहीच. हे सगळं नोकरी पहिल्याच वर्षी लागली तर.

मॅनेजमेंट कोट्यासाठी बँकांचे निकष वेगळे असतात आणि व्याज अनुदानाच्या योजनांत तो सहसा बसत नाही. रोख दिलेले दीड लाख कुठल्याच कर्जात धरले जात नाहीत. माझ्या टेबलासमोर जे वडील थकलेल्या हप्त्याची नोटीस हातात घेऊन येतात, त्यातले बहुतेक जण सहकर्जदार आहेत. 'पण फॉर्म तर मुलाचा होता' असं म्हणतात. सही दोघांचीही असते. आण्णांना हे आधी नीट सांगा.


चाकण_प्लांट

मी चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटी बघतो. भरतीला बसतो म्हणून लिहितोय.

मुलाखतीत मी टेबलावर एक बुश (धातूची छोटी पोकळ नळी) ठेवतो आणि शेजारी त्याचं ड्रॉइंग. भोक २५ एच-७. म्हणजे २५ मिलीमीटर, वर २१ मायक्रॉनपर्यंत चालेल, खाली शून्य. विचारतो, हे कसं तपासशील? शेजारी व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज सगळं मांडलेलं असतं. डिग्रीची दहातली आठ मुलं हात घालतात ती व्हर्निअरला. त्या व्हर्निअरचं लीस्ट काउंट २० मायक्रॉन. जेवढी सूट आहे तेवढीच त्याची एक रेघ, त्यानं काय कळणार? मागच्या वेळी आयटीआयचा एक मुलगा आला होता. त्यानं काही न बोलता प्लग गेज उचललं, 'गो' बाजू आत गेली, 'नो-गो' अडकली, आणि म्हणाला, "चालतंय साहेब." त्याला मी त्याच दिवशी घेतलं.

डिग्रीच्या मुलांना अक्कल नाही असं मी म्हणणार नाही. विचारलं तर सांगतात, "सर, प्लग गेज कपाटात होतं, कुलूप लावलेलं. प्रॅक्टिकलची जर्नल आम्ही सीनियरची बघून उतरवली." तपासणीच्या दिवशी कपाट उघडतात. चार वर्षांची फी भरून मुलाला वीस रुपयांच्या बुशचं माप घ्यायला मिळत नाही, हे वाईट आहे.

तुमच्या भावाला एकच सांगतो. कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्लेसमेंट सेलमध्ये बसू नको. लॅबमध्ये जा, ईएनटीसी असेल तर सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) चालू करून दाखवा म्हण, सोल्डरिंग गनची टोकं बघ. वापरातली गन काळी पडलेली असते. आणि शिकाऊ उमेदवारीची लाज वाटू देऊ नको. सरकारच्या शिकाऊ योजनेत २०१९ ला पदवीधराला महिन्याला किमान ९,००० विद्यावेतन ठरलं. पैसे थोडे आहेत, पण वर्षभर मशिनजवळ उभं राहायला मिळतं. आमच्याकडचे निम्मे इंजिनिअर त्या वाटेनं आलेत.


बॅच२०२३

मी त्या पुस्तिकेतल्या 'शंभर टक्क्यां'मध्ये होतो. कॉम्प्युटर, पुणे विभाग, मॅनेजमेंट नाही, कॅपमधूनच.

२०२२ च्या दिवाळीआधी एका मोठ्या आयटी कंपनीची ऑफर आली. गावात पेढे वाटले. जून २०२३ ला पास झालो आणि जॉइनिंगच्या मेलची वाट बघत बसलो. कंपनीकडून दर काही महिन्यांनी 'आपली निवड कायम आहे' एवढंच यायचं. मेल शेवटपर्यंत आला नाही. कॉलेजात फोन केला तर म्हणाले, आमच्या नोंदीत तू प्लेस्ड आहेस, दुसऱ्या ड्राइव्हला बसता येणार नाही.

मग पुण्यात जावा फुल स्टॅकचा क्लास लावला. तिथे निम्मी मुलं माझ्यासारखी, डिग्रीवाली. चार वर्षांत जे शिकवायला हवं होतं ते शिकायला परत पैसे भरत होतो. क्लासबाहेर एजंट फिरतात, तीन वर्षांचा खोटा अनुभव करून देतो म्हणतात. कितीजण घेतात. मी घेतला नाही, पण घेणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही, घरचे फोन काय असतात ते मला माहीत आहे. माझा रूममेट मेकॅनिकलचा, तो २०२४ ला पोलीस भरतीला उतरला. १७,४७१ जागा, अर्ज सतरा लाखांवर. अजून पळतोय.

मला काम मिळालं ते कोल्हापूरला, एका छोट्या फर्ममध्ये. दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतात. मुलाखतीत मालक पॅकेज-बिकेज काही बोलले नाहीत. म्हणाले, गायीच्या दुधाचा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाला) एक भाव आहे, पॉइंटला कमी-जास्त झालं की भाव बदलतो, दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल निघतं, लिही क्वेरी. आमच्या घरी म्हशी आहेत, मी डेअरीच्या पावत्या लहानपणापासून बघतोय. लिहिली. अठरा हजारांवर लागलो, आता पंचवीस आहेत. डेटाबेस मला कॉलेजात एका तासिकेवरच्या मॅडमनी शिकवला होता. त्यांना पुढच्या वर्षी ठेवलं नाही.

ताई, भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर इथे निरोप टाका. मोठ्यांनी सांगितलं की राग येतो, मला कळतंय.


वाळव्याची_सिव्हिल

वरच्या उत्तरांशी बरीचशी सहमत आहे, पण सगळी खासगी कॉलेजं म्हणजे फसवणूक असा सूर लागतोय तो मला पटत नाही.

१९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, कराड, सांगली अशी मोजकी नावं. तिथे जागा मिळाली नाही की पैसेवाल्यांची मुलं कर्नाटकात जायची आणि बाकीची बीएस्सी करायची. मी पुढच्याच वर्षी अशा नव्या कॉलेजात गेले. पत्र्याची शेड होती, पण सर्व्हेचे सर आम्हाला थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन दिवसभर माळावर उभं करायचे. मला नोकरी लागली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. दादांनी ते दार उघडलं नसतं तर आमच्या गावातून एक मुलगी इंजिनिअर झाली नसती. ही गोष्ट कोणी विसरू नये.

बिघडलं ते नंतर. तेव्हा शिकवणारी माणसं कमी होती पण होती. आता एआयसीटीईनंच २०१८ ला एका शिक्षकामागे १५ विद्यार्थ्यांचं प्रमाण सैल करून २० केलं. कागदावर २०, वर्गात किती ते खडू_डस्टर सांगतील. कॉलेज खासगी आहे की सरकारी हे मी दुसरं विचारीन. पहिलं विचारीन, शिक्षक कायम आहेत का आणि पगार महिन्याच्या महिन्याला होतो का. गेटवरच्या शिपायाला विचारलंत तरी खरं उत्तर मिळतं.

आणि आता तुला विचारते, बाळ. भावाचं एवढं सगळं लिहिलंस, तुझं काय? डी. फार्म झालेल्यांना बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. दाखला तर घरात आहे म्हणतेस. एक एकर विकायच्या गोष्टी चालल्यात त्या घरात जवळपास फुकट मिळणारी एक जागा आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.


सांगोल्याची_लेक

सगळ्यांचे आभार. खरंच. तीनदा वाचून काढलं, आण्णांनाही वाचून दाखवलं.

पुण्याच्या कॉलेजची पीडीएफ शोधायला मी भावालाच बसवलं. त्याला सापडली. 'वेळेत पास'चा रकाना त्यानं स्वतः मोठ्यानं वाचला आणि नंतर बराच वेळ मोबाइल घेऊन बसला. मधला पगार ४२ लाखांच्या जवळपासही नाही. संध्याकाळी म्हणाला, "दूधवाल्या दादाचा नंबर मिळेल का?" बॅच२०२३, तुम्हाला निरोप टाकलाय, बघा.

कर्जाचा हिशोब आण्णांनी वहीत उतरवून घेतला. सहकर्जदाराचं त्यांना माहीत नव्हतं. गिऱ्हाईकाला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. विकणारच नाही असं अजून म्हणत नाहीत, पण ते दीड लाख रोख द्यायचे नाहीत हे ठरलं. सरांचा परत फोन आला तेव्हा आण्णांनी 'पावती देता का' एवढंच विचारलं. सोमवारी दोघं जण जिल्ह्यातल्या कॉलेजची लॅब बघायला जाणार आहेत, सोल्डरिंग गन बघायचं भावाच्या डोक्यात पक्कं बसलंय. तिथली पीडीएफ मात्र सापडत नाही, तेही विचारायला सांगितलंय.

वाळव्याच्या काकू, तुमचं वाचून आई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मग हिचा फॉर्म का नाही भरायचा? पण डी. फार्म होऊन पाच वर्षं झालीत, एवढ्या गॅपनंतर चालेल का? आणि परत प्रवेश परीक्षा द्यावी लागते का? काम सोडावं लागलं तर घरचे अकरा हजार बंद होतील, ते कसं भागवायचं तेही कळत नाही.


वाळव्याची_सिव्हिल

माझ्या भाचीनं हेच केलंय, म्हणून सांगते. थेट दुसऱ्या वर्षाची कॅप सीईटी सेलच घेतो, वेगळी परीक्षा नसते, डी. फार्मच्या गुणांवर यादी लागते. गॅपसाठी एक प्रतिज्ञापत्र करून घे. ईडब्ल्यूएसचा दाखला या आर्थिक वर्षाचा लागेल, जुना असेल तर उद्याच तहसीलला अर्ज टाक, प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी होते. वेळापत्रक सेलच्या संकेतस्थळावर रोज बघत जा, तारखा एकाएकी बदलतात. आणि वर सगळ्यांनी भावासाठी जे तपासायला सांगितलं ते तुझ्या कॉलेजलाही तपास, बी. फार्मचीही भाराभर कॉलेजं निघालीत.

कॉलेज पूर्णवेळ असतं, हजेरी लागते. मेडिकलचं काम संध्याकाळच्या पाळीत मिळतं का ते मालकांना विचार. दुकान चालवायला त्यांना नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतोच, तेव्हा तू मागितलंस तर ते सहज नाही म्हणणार नाहीत. पगार थोडा कमी होईल, पण पूर्ण बंद होणार नाही. गुणपत्रिका घेऊन ठेव आणि काही अडलं तर इथेच लिही.